वजा चारशे वीस सेकंद

४ सप्टेंबर

डॉक्टरांनी आजपासून लिहायला-वाचायला परवानगी दिली, म्हणून ही वही पुन्हा नीट उघडली; ऑपरेशन झाल्यापासून हिच्यात चोरून फक्त थेंबांच्या आणि येण्या-जाण्याच्या वेळा टिपत होते. दोन आठवडे डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून बसले होते आणि घरी येणारा प्रत्येक जण ‘आता फक्त आराम’ म्हणून जात होता. एकतीस वर्षं मी भूमिती शिकवली, त्यातली पंधरा वर्षं शाळेच्या फाटकावर उशिरा येणाऱ्यांची वही घेऊन उभी राहिले. आराम मला मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीही शिकवला नाही, आणि अडुसष्टाव्या वर्षी तो शिकायची मला हौस नाही.

डोळ्यात थेंब घालायला खालच्या मजल्यावरची खारूताई येते. माझीच विद्यार्थिनी. शाळेत असताना घंटा वाजता वाजता फाटकातून सुर्रकन आत घुसायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. माझ्या वहीत एकदाही सापडली नाही. आता पंचेचाळीसची आहे. जिथे माझं ऑपरेशन झालं त्याच रुग्णालयात ती आया आहे. ड्यूटी आठची. वेळ ठरली आहे ७.२५ची, पण ती रोज ७.१८लाच वर येते, पहिलं औषध घालते, मग पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरं. त्यानंतर चहा. ७.४५ला निघते. बारा मिनिटांची चाल, म्हणजे तीन मिनिटं हाताशी राहतात. माझ्या भिंतीवरच्या घड्याळावर हा कार्यक्रम बिनचूक चालला आहे.

आज मात्र ७.३६लाच उठून उभी राहिली. “बाई, निघू का?”

“बस गं. अजून नऊ मिनिटं आहेत. चहा कोण पिणार?”

बसली. हल्ली उगीच घाई करते.

रेडिओवरच्या सकाळच्या बातम्यासुद्धा हल्ली वेळेआधी सुरू होतात. शिस्त म्हणून कुठे उरली नाही.

९ सप्टेंबर

संताप संताप झाला आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे थंड होईन.

सकाळी थेंब घालताना खारूताईचं लक्ष नव्हतं. औषध गालावर आलं. विचारलं तर “काही नाही, बाई.” दोनदा विचारल्यावर ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढून दिला. रुग्णालयाचं पत्र. हजेरीचं यंत्र संगणकाला जोडलं आहे. बोट लावलं की वेळ नोंदली जाते. त्यानुसार २२ ऑगस्टपासून तिला बारा वेळा उशीर झाला. कधी चार मिनिटं, कधी पाच. २९ सप्टेंबरला समक्ष येऊन खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त.

घरात अंथरुणाला खिळलेली सासू, आणि कमावणारी ही एकटी. घरातला एकुलता एक मोबाइलसुद्धा म्हातारीच्या उशाशी ठेवून येते, अडीअडचणीला हाक मारता यावी म्हणून. आणि हिची सेवा समाप्त!

“तू माझ्याकडून ७.४५ला निघतेस?”

“हो, बाई.”

“वाटेत कुठे थांबतेस?”

“नाही, बाई. धावतच जाते.”

“मग उशीर कसा होतो?”

ती भिंतीकडे बघत म्हणाली, “बाई, तुमचं ते...”

“माझं राहू दे. त्यांचं बघते मी,” म्हटलं, आणि चप्पल घालून तिच्याबरोबरच निघाले.

व्यवस्थापक तिशी-पस्तिशीतला. सदऱ्याला इतकी कडक इस्त्री की वाकला असता तर मोडला असता. मी त्याचं नाव इस्त्रीच ठेवलं आहे. मी रिसेप्शनवरच्या संगणकाचं घड्याळ पाहिलं, मग माझं मनगटी पाहिलं. संगणक सात मिनिटं पुढे!

“तुमचं घड्याळ चुकीचं आहे,” मी म्हटलं.

“संगणकाचं घड्याळ चुकत नाही, आजी.”

“मी तुमची आजी नाही.”

“बरं, मॅडम. हे फळ्यावरचे त्रिकोण-चौकोन नव्हेत. हा नेटवर्कचा विषय आहे. तुम्हाला नाही कळायचा.”

खारूताई मध्येच काहीतरी बोलायला गेली. मी तिला हातानेच गप्प केलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये हे मीच तिला शिकवलं होतं.

नाही कळायचा म्हणे. बघतेच.

१० सप्टेंबर

भाऊजींना बोलावलं. माझे धाकटे दीर, समोरच्या इमारतीत राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त. आमच्या यजमानांच्या माघारी माझ्याशी वाद घालायचं काम त्यांनी विनामूल्य पत्करलं आहे.

त्यांना म्हटलं, मला एक प्रोग्रॅम लिहायचा आहे. तो नेटवर्कवरून खरी वेळ विचारून घेईल, संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघेल, किती चुकलंय ते सांगेल आणि हवं तर दुरुस्त करेल. तो त्या इस्त्रीच्याच संगणकावर चालवून दाखवायचा.

“वहिनी, हे सगळं संगणक आपणहून करतो. तुमचाही करत असेल.”

“माझा करत नाही. दोन वर्षांपूर्वी मी ते बंद केलं. मला न विचारता माझ्या घरात कोणी घड्याळाला हात लावायचा नाही. संगणकाची वेळ मी ठरवते, त्यावरून भिंतीवरचं लावते, भिंतीवरून मनगटी.”

भाऊजींनी आपला फोन काढून पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे. “माझ्यात वेगळी वेळ दिसतेय.”

“फोन बदला,” मी म्हटलं.

हसले, आणि चारशे पानांचं एक पुस्तक पाठवून देतो म्हणाले. चार प्रकरणं वाचली तरी पुरे. मी म्हटलं, चारशे पानं वाचीन.

१३ सप्टेंबर

साठ पानं झाली. डोळा चुरचुरतो, पण डोक्यात प्रकाश पडतो आहे. गंमत अशी की हा सगळा पत्रव्यवहारच आहे. दूर कुठेतरी सर्व्हर नावाचा संगणक बसलेला असतो, त्याचं काम वेळ सांगणं. आपल्या संगणकात आपण एक दार उघडायचं. त्याला सॉकेट म्हणतात. त्या दारातून अठ्ठेचाळीस बाइटचं एक पाकीट पाठवायचं. पहिल्या बाइटमध्ये फक्त ‘मी विचारतेय’ एवढी खूण. बाकी सत्तेचाळीस कोरे. तो तेवढंच पाकीट वेळ भरून परत पाठवतो. ना ‘तीर्थरूप’, ना ‘कळावे’. मला आवडलं.

१५ सप्टेंबर

पाकीट पाठवलं. उत्तर नाही. सकाळी १०.०५ ते १०.५० प्रोग्रॅम ताटकळत उभा, आणि मी त्याच्यासमोर.

भाऊजी आले. “किती वेळ थांबायचं ते त्याला सांगितलंत का? दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर सोडून द्यायचं, पुन्हा विचारायचं.”

“विचारल्यावर उत्तर द्यायला हवं ही साधी रीत आहे.”

“या प्रकारच्या पाकिटांना पोच नसते, वहिनी. वाटेत हरवलं तर हरवलं. कोणी कळवत नाही.”

कसला हा व्यवहार! पण दोन सेकंदांची मर्यादा घातली. तिसऱ्या खेपेला उत्तर आलं. अठ्ठेचाळीस बाइट. मोजून पाहिले. खुर्चीतून उठून खोलीभर एक फेरी मारली आणि परत बसले. कोणी पाहिलं नाही.

१६ सप्टेंबर

उत्तराचा अर्थ लावला. आजची तारीख बरोब्बर सत्तर वर्षं पुढची निघाली. त्या दिवशी मी एकशे अडतीस वर्षांची असेन, आणि खारूताईची सुनावणी होऊन बराच काळ लोटलेला असेल.

दुपारभर शोधल्यावर सापडलं. सर्व्हर सेकंद मोजतो ते १९०० सालापासून. माझा संगणक मोजतो ते १९७० पासून. दोघांनी आपापला जन्म धरला आहे, आणि मधल्या सत्तर वर्षांचे सेकंद वजा करायचं काम माझ्यावर. आकडा दहा अंकी आहे. सतरा लीप वर्षं धरून मी तो हाताने काढला. पुस्तकातल्याशी जुळला. बघा म्हणावं, त्रिकोण-चौकोन!

खारूताई सकाळी ७.३५लाच उभी राहिली होती. तिला सत्तर वर्षांची गोष्ट सांगायची होती म्हणून बसवून ठेवली. हसली नाही. आपलं संकट डोक्यावर असताना तिला हसू यावं अशी अपेक्षा करणं माझंच चुकलं. पण मी तिच्यासाठीच तर हे करते आहे.

१८ सप्टेंबर

जागतिक वेळेतून आपल्या भागाची वेळ काढायची होती, तीही झाली. आता तारीख बरोबर, तास बरोबर. फक्त मिनिटं चुकतात. प्रोग्रॅम म्हणतो माझं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. म्हणजे प्रोग्रॅममध्ये अजून चूक आहे.

१९ सप्टेंबर

प्रत्येक ओळ तपासली. चूक सापडत नाही.

आज पहिल्यांदा वाटलं की त्या इस्त्रीचं खरं असेल, मला नाहीच कळायचा हा विषय. खारूताईला आशेला लावून बसले आहे आणि हातात काय, तर सात मिनिटं चुकणारा प्रोग्रॅम. मग चहा केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

२० सप्टेंबर

भाऊजींना म्हटलं, उत्तराला वाटेत वेळ लागत असेल, त्यामुळे सात मिनिटांचा फरक पडत असेल.

“वाटेत सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, वहिनी. सात मिनिटांत तर पाकीट पायी चालत येईल. दुसऱ्या सर्व्हरला विचारून बघा.”

तीन वेगवेगळ्या सर्व्हरना विचारलं. तिघांचं उत्तर एकच.

“एकमेकांचं बघून लिहिलेलं आहे,” मी म्हटलं. “शाळेत अशा किती उत्तरपत्रिका पाहिल्यात मी. तिघांची चूक एकसारखी म्हणजे तिघांनी एकाचंच उतरवलंय. आणि रुग्णालयही सात मिनिटंच पुढे आहे. तेही याच चुकीच्या ठिकाणाहून वेळ आणत असणार.”

“सगळं जग सात मिनिटं पुढे, आणि तुम्ही एकट्या बरोबर?”

“होऊ शकतं.”

सरळ उपाय केला. उत्तर आलं की त्यातून चारशे वीस सेकंद वजा करायची एक ओळ घातली. आता प्रोग्रॅम माझ्या घड्याळाशी सेकंदाला जुळतो. भाऊजी म्हणाले, “चारशेवीसच सापडला होय तुम्हाला!” आणि हसत हसत गेले. हसू देत. पूर्ण झालेला प्रोग्रॅम माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

शेवटी एक प्रश्नही घातला आहे: ‘घड्याळ दुरुस्त करू का? हो / नाही.’ विचारल्याशिवाय माझा प्रोग्रॅम कुणाच्या घड्याळाला हात लावणार नाही.

२४ सप्टेंबर

जिंकले!

पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून अकरा वाजता रुग्णालयात गेले. इस्त्री आधी नाहीच म्हणत होता. बाहेरचं काही आमच्या संगणकावर चालत नाही म्हणे. मी म्हटलं, हजेरीला बाहेरून येणाऱ्यांची बोटं चालतात, मग माझा प्रोग्रॅम का नाही? रांगेतले पेशंट ऐकत होते. ते पाहून तो नरमला.

चालवला. दोन सेकंद. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत: ‘तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे.’

“हे... हे तुम्ही लिहिलंत?”

“सबंध. ओळ न् ओळ.”

त्याच्या कॉलरचा ताठा गेला. म्हणाला, पत्र मागे घेऊ. २९ तारखेला त्या आयाबाईंनी येऊन फक्त सही करावी. त्याच दिवशी आमचं घड्याळही सात मिनिटं मागे करून घेतो. रुग्णालयातले सगळे संगणक याच्यावरच लावलेले आहेत. फक्त तुमच्या प्रोग्रॅमचं ओळवार स्पष्टीकरण लेखी द्या, दप्तरी लावायला.

देईन म्हटलं. असं देईन की वाचताना त्याला घाम फुटेल.

खारूताई जिन्यापाशी फरशी पुसत होती. तिला सांगितलं, “तुझी नोकरी शाबूत.” तिने फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही ओले हात तोंडावर धरले. मग म्हणाली, “पण बाई, त्यांचं घड्याळ खरंच पुढे होतं?”

“संगणकाने सांगितलं ना!”

“हो,” ती म्हणाली.

२६ सप्टेंबर

स्पष्टीकरण लिहायला बसले. भूमितीची सवय: पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. कारण लिहिता येत नसेल तर विधान खोडायचं, हा नियम मी पोरांना एकतीस वर्षं घोकवून घेतला.

सॉकेट उघडा. कारण: पाकीट पाठवायला दार हवं. दोन सेकंद थांबा. कारण: पोच नसते. सत्तर वर्षांचे सेकंद वजा करा. कारण: आरंभ वेगळे. आपल्या भागाची वेळ काढा. कारण: उत्तर जागतिक वेळेत येतं.

चारशे वीस सेकंद वजा करा. कारण:

पेन तिथेच थांबलं. मी लिहिलं, ‘सर्व्हर चुकीचे आहेत.’ त्याचं कारण? ‘माझ्या घड्याळाशी जुळत नाहीत.’ माझं घड्याळ बरोबर कशावरून? ‘मी लावलेलं आहे.’

हे कोणा पोराने लिहिलं असतं तर मी वही भिरकावली असती.

ती ओळ काढून टाकली आणि प्रोग्रॅम चालवला. ‘तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. दुरुस्त करू का? हो / नाही.’ मी ‘नाही’ दाबलं. रेडिओ लावला. अकराच्या ठोक्याला बातम्या सुरू झाल्या तेव्हा माझ्या भिंतीवर दहा त्रेपन्न. समोरच्या इमारतीत भाऊजींना फोन केला आणि नुसतं विचारलं, किती वाजले. त्यांनी सांगितलं. शब्दाने जास्त काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

मग ‘हो’ दाबलं.

स्टुलावर चढू नका अशी डॉक्टरांची ताकीद आहे. चढले. भिंतीवरचं घड्याळ काढून लावलं. मग ही वही मागे उलगडत गेले, ऑपरेशनपर्यंत. रोज लिहिलेलं: ‘७.४५ला निघाली.’ म्हणजे रोज ७.५२. अधिक बारा मिनिटं. चार मिनिटं उशीर, एखाद दिवशी पाच. पत्रातल्या बाराच्या बारा उशिरांची नोंद माझ्या अक्षरात, माझ्या वहीत आहे. आणि रोज तिला ‘बस गं’ म्हणून बसवणारी मी.

फाटकावर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण कोणतं, तर ‘बाई, आमच्या घरचं घड्याळ मागे होतं.’ पंधरा वर्षांत मी ते एकदाही खरं मानलं नाही.

गप्प बसले तर खारूताईची नोकरी वाचते. फक्त त्या रुग्णालयाचं घड्याळ सात मिनिटं मागे जाईल. तिथे इंजेक्शनं वेळेवर देतात, मुलं जन्माला येतात तेव्हा वेळ नोंदतात. माझ्या डोक्यातून निघालेली सात मिनिटं त्या सगळ्यांच्या कागदावर चढतील. आणि बोलले, तर इस्त्रीचं पत्र खरं ठरतं.

२७ सप्टेंबर

खारूताई ७.२५ला आली. खालून येताना जिन्यावर कुणाचा तरी रेडिओ ऐकून येते, त्यामुळे येण्याची वेळ तिची ती सांभाळते; माझं ७.१८ ते तिचं खरं ७.२५. आत येताच तिने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग थेंब घातले.

ती ७.४२ला उठली, मी ‘बस’ म्हटलं नाही. तिला सांगायला हवं होतं. नोकरी तिची, मी कोण ठरवणार. तोंड उघडलं होतं, पण ‘जपून जा’ एवढंच बाहेर पडलं.

उद्या सांगते.

२८ सप्टेंबर

सांगितलं नाही. घाबरट आहे मी. हे वाक्य माझ्याबद्दल पहिल्यांदाच लिहिते आहे. खोडत नाही.

पण इस्त्रीसमोर मान खाली घालून उभी राहणार असेन तर ती मी नव्हे. घरातले सगळे कागद टेबलावर काढून दिवसभर वाचले. एक सापडला.

२९ सप्टेंबर

खोलीत इस्त्री, खारूताई आणि मी. त्याने पत्र मागे घेतल्याचा कागद टाइप करून तयार ठेवला होता. खारूताईने पेन उचललं.

“थांब,” मी म्हटलं. “तुमचा संगणक बरोबर आहे.”

इस्त्री म्हणाला, “गेल्या आठवड्यात तर...”

“गेल्या आठवड्यात माझ्या प्रोग्रॅममध्ये एक खोटी ओळ होती. ती मी घातली होती, माझ्या घड्याळाशी जुळावं म्हणून. घड्याळ माझं मागे होतं. तुमच्या घड्याळाला हात लावू नका. हा दुरुस्त प्रोग्रॅम, हे ओळवार स्पष्टीकरण. चुकीची ओळही त्यात आहे, आणि तिच्यापुढे माझी सही.”

त्याने कागद चाळला. मग टाइप केलेलं पत्र हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. “म्हणजे उशीर झाला, हे तुम्हाला मान्य. मग पत्र मागे घ्यायला कारणच उरलं नाही, मॅडम.”

खारूताईने पेन परत टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

“कारण हे घ्या,” म्हटलं, आणि माझा डिस्चार्जचा कागद टेबलावर आपटला. “तुमचा शिक्का, तुमच्या डॉक्टरांची सही. वाचा मोठ्याने.”

तो वाचेना, म्हणून मीच वाचलं: “‘सहा आठवडे थेंब शक्यतो प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घालून घ्यावेत. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवावं.’ माझ्या घरात मी एकटी. प्रशिक्षित व्यक्ती कोण? ही. शिकवली कोणी? तुम्ही. तुमच्या पेशंटला, तुमचं औषध, तुमच्या कागदाप्रमाणे, ही रोज सकाळी ७.२५ला घालते. म्हणजे ही चार मिनिटं उशिरा येत नव्हती. पस्तीस मिनिटं लवकर कामाला लागत होती. हजेरी तुमच्या दारात लागते, काम माझ्या घरात सुरू होतं, एवढाच फरक.”

“ते त्यांचं खाजगी आहे.”

“डोळा माझा खाजगी. ऑपरेशन तुमचं.”

“पण घड्याळ मागे होतं हे यांना कळायला नको?” त्याने पहिल्यांदाच खारूताईकडे वळून विचारलं. “रोज इथे आल्यावर दिसत होतं ना तुम्हाला?”

“दुसऱ्याच दिवशी दिसलं, साहेब,” खारूताई म्हणाली.

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं.

“मग बाईंना सांगितलं का नाही?”

खारूताईने एकदा माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगून बघा त्यांना,” ती म्हणाली.

इस्त्रीच्या तोंडून हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. मलाही काय झालं कोण जाणे, पण मी रागावले नाही. रागवायला माझ्याकडे कारण नव्हतं. तो रकाना कोरा होता.

“सांगितलं असतं तर ओरडल्या असत्या, लवकर निघाले असते तरी ओरडल्या असत्या,” खारूताई त्यालाच सांगत होती, एकदम सुटल्यासारखी. “पण मी नसते गेले तर थेंब कोण घालणार होतं? त्या स्वतः घालायला लागल्या की डोळा मिटतात. डोळा गेला असता, साहेब. चार मिनिटं काय.”

इस्त्रीने डिस्चार्जचा कागद पुन्हा एकदा वाचला. या वेळी मनातल्या मनात, आणि शेवटपर्यंत. मग म्हणाला, “हे डॉक्टरांपुढे ठेवतो. दोन दिवसांत कळवतो. कबूल मात्र काही करत नाही.”

“करू नका. फक्त ठेवा,” मी म्हटलं.

बाहेर आल्यावर खारूताई कामाला वळली. मी म्हटलं, “तुला आधी विचारायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

३० सप्टेंबर

थेंब. ७.२५ ते ७.४०. तिचं सगळं लक्ष बाटलीकडे. चहा मात्र प्याली.

१ ऑक्टोबर

काल संध्याकाळी खारूताईला पत्र मिळालं, ते ती आज सकाळी घेऊन आली. बाराच्या बारा नोंदी रद्द. पुढच्या दिवसांतल्याही. सेवा चालू. डॉक्टरांची सही. शेवटची ओळ मात्र इस्त्रीची: ‘यापुढे अशी सबब ऐकून घेतली जाणार नाही.’

“सबब!” मी म्हटलं. “सबब म्हणजे काय! पेशंटच्या डोळ्यात औषध घालणं ही सबब? थांब, आत्ता लिहिते त्याला. ही वीस मिनिटं तुझ्या कामाच्या वेळेत धरायला लावते. नाही लावली तर...”

“डोळा उघडा ठेवा.” तिने दुसरा थेंब टाकला. “बाई, सबब तर सबब. नोकरी राहिली ना?”

“प्रश्न नोकरीचा नाही, तत्त्वाचा आहे.”

“माझा नोकरीचाच आहे.” तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. चहा बशीत ओतला, उभ्या उभ्या प्याली, बशी विसळून पालथी घातली. घड्याळात ७.३९.

“अजून सहा मिनिटं...” माझ्या तोंडून निघालंच.

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि गेली. आज धावत नव्हती. जिन्यावर पावलं ऐकली मी, एकेक.

पत्र मी पूर्ण केलं. दीड पान, विधान आणि कारण, दोन प्रती. पाकिटावर पत्ताही घातला आहे, पण चिकटवलेलं नाही. उद्या ती आली की वाचून दाखवीन आणि विचारीन, पाठवू का. हो म्हणाली तरच पाठवायचं.

नाही म्हणाली तर परवा पुन्हा विचारीन.